ओढ कुणाची, नियम कुणाचा

श्रोतेहो, नमस्कार.

कार्तिकातल्या अमावास्येच्या रात्री नाशिकचे दिवे मागे टाकून त्र्यंबक रस्त्याने पुढे जा. डोक्याच्या जरा उत्तरेला एक पांढुरका, पुसट ठिपका दिसेल. ती देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड थवा. डोळ्यांत शिरणारा तिचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो.

या ठिपक्याने शास्त्रज्ञांना पेचात टाकले. सूर्यमालेत बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर धावतो, नेपच्यून जेमतेम साडेपाच. लांबच्याला ओढ कमी, म्हणून चाल मंद. देवयानीतही तसेच घडायला हवे होते. पण १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांनी वेग मोजले, तर दूरचे वायुमेघही मंदावलेले नव्हते.

मग ही जादा ओढ कुठली? तिथे न दिसणारे द्रव्य भरले आहे, की न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियमच अपुरा आहे? हा प्रश्न पूर्वीही पडला होता. युरेनसची चाल चुकली तेव्हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लव्हेरिए यांनी एक अज्ञात ग्रह गृहीत धरला आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. बुधाची चाल चुकली तेव्हाही त्यांनी तसाच ग्रह मानला. तो कधीच मिळाला नाही. तिथे नियम बदलावा लागला, १९१५ मध्ये, आइन्स्टाइनच्या हातून. म्हणून नियम बदलू पाहणाऱ्यांना कुणी हट्टी म्हटले की मला वाईट वाटते. आपल्या कोल्हापूरचे जयंत नारळीकरही त्यांच्यातलेच. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्यासह १९६४ मध्ये त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला.

१९८३ मध्ये इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ मिलग्रॉम म्हणाले, त्वरण फारच क्षीण झाले, म्हणजे पृथ्वीवर पडणाऱ्या वस्तूच्या त्वरणाचा सुमारे ८ हजार कोटींवा भाग उरले, की ओढ न्यूटनच्या हिशेबापेक्षा सावकाश घटते. या एका आकड्याने कितीतरी दीर्घिकांचे वेग जुळतात! दीर्घिकांच्या समूहांत मात्र हिशेब तोकडा पडतो, हेही सांगायला हवे.

विश्वाचा विस्तार वेगाने वाढतो आहे, हे १९९८ मध्ये कळले. त्यासाठी कृष्ण ऊर्जा, म्हणजे विस्ताराला रेटा देणारी अज्ञात ऊर्जा, मानण्याऐवजी काहींनी गुरुत्वाकर्षणच बदलून पाहिले. त्यांतल्या अनेक सिद्धांतांत गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांचा, वेग प्रकाशाहून निराळा निघत होता. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या लहरी आणि गॅमा किरण सुमारे १३ कोटी वर्षांचा प्रवास करून पृथ्वीवर पोचले, अवघ्या १.७ सेकंदांच्या अंतराने. म्हणजे दोहोंचा वेग जवळपास सारखाच ठरला आणि ते सिद्धांत बाद झाले. दोन्ही वेग सारखेच मानणारे काही अजून टिकून आहेत.

तसल्याच लहरी टिपणारी वेधशाळा आता हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ व्हायची आहे.