पहिला हात कुठे जातो?

श्रोतेहो, नमस्कार.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपल्या कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळत होते. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती, आणि राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली उभी केलेली ती वास्तू डोळ्यांदेखत जाताना पाहून खासबागेजवळ उभी असलेली मोठी माणसेही रडली. त्यानंतर कितीतरी दिवस चहाच्या गाड्यापासून तालमीच्या कट्ट्यापर्यंत आग लागली कशी, याचीच चर्चा चालू होती. पण त्या चर्चेतून घरी जाऊन आपल्या ओट्याखाली वाकून गॅसची नळी पाहिली, असे सांगणारा माणूस मला भेटला नाही. खरे सांगायचे तर मीही पाहिली नव्हती.

शिवाजी पेठेत माझ्या आत्याच्या घरी स्वयंपाकघराच्या तक्तपोशीवर परातीएवढा एक काळा डाग आहे. एका रविवारी तांबड्या रश्श्याच्या फोडणीसाठी पातेल्यात तेल तापत ठेवून आत्या दारावर आलेल्या माणसाशी बोलत राहिली आणि आत येऊन पाहते तो तेलाने पेट घेतलेला. तिचा हात सरळ पाण्याच्या तांब्याकडे गेला. आग म्हटली की पाणी, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. मात्र पेटलेल्या तेलात पाणी पडले की ते जड असल्याने तळाशी जाते, तिथे क्षणात त्याची वाफ होते, आणि ही वाफ पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा मागत असल्याने जळते तेल उडवून छतापर्यंत नेते. तो डाग त्या तांब्याचा आहे. धाकट्या जावेने लगेच गॅस बंद करून कणकेची परात पातेल्यावर पालथी घातली, म्हणून डागावरच भागले. तेल पेटले तर एवढेच करायचे असते: शेगडी बंद करायची, वर झाकण घालायचे, आणि पातेले गार होईपर्यंत झाकण उचलून पाहण्याचा मोह आवरायचा. जळते पातेले उचलून मोरीकडे पळणे तर सर्वांत वाईट.

घरातल्या आगीत पहिल्या काही क्षणांत माणूस विचार करत नाही, सवयीने हात पुढे करतो. तो हात कुठे जावा हे शांतपणी ठरवून ठेवावे लागते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

गॅसचा वास आला की हात दिव्याच्या बटणाकडे जातो. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत, ओट्याखालच्या कपाटात साचून राहतो, आणि हवेत त्याचे प्रमाण साधारण दोन टक्के झाले तरी एक ठिणगी त्याला पुरते. बटण चालू करताना ठिणगी पडते, तशीच बंद करतानाही पडते, म्हणून पंखा फिरत असेल तर तो फिरू द्यावा. शेगडी आणि देवघरातला दिवा विझवावा, रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि सर्वांनी बाहेर पडावे; १९०६ हा गॅसगळतीचा मदत क्रमांक अंगणात किंवा रस्त्यावर आल्यावरच फिरवावा. नवा सिलिंडर लावल्यावर गळती पाहायची असेल तर साबणाचा फेस लावावा. काडी ओढून पाहणारे महाभाग अजून आहेत. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ‘बी-२७’ असे काही रंगवलेले दिसते. त्याचा अर्थ तो सिलिंडर एप्रिल ते जून २०२७ या तिमाहीत पुन्हा तपासणीला जायला हवा. मुदत उलटलेला सिलिंडर घरात घेऊच नये, आणणारा कितीही घाईत असला तरी.

नवरात्रात आपल्याकडे घरोघरी नऊ दिवस अखंड दिवा असतो. जुन्या घरातला उंदीर तेलाच्या वासाने येऊन जळती वात ओढून नेतो, हे आजी सांगायची तेव्हा आम्ही हसत असू. आता हसू येत नाही. समई रुंद परातीत, पडद्यापासून दूर ठेवावी, वर काच असावी आणि रात्री घरात कोणीतरी असावे. त्याने व्रताला उणेपणा येत नाही.

विजेचे दुखणे बहुधा भिंतीआड असते. गिझर, इस्त्री आणि मिक्सर एकाच लांब वायरच्या बोर्डावर चालवला की ती वायर आतून तापत राहते. हाताला कोमट लागलेला प्लग किंवा पिवळट पडलेले सॉकेट हीच सूचना समजावी. फ्यूजच्या जागी जाड तार बांधणे म्हणजे राखणदाराला झोपवणे होय. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांचे मीटर-बोर्ड पाण्यात होते, त्यांनी भिंतीतली वायर तपासून घेतली नसेल तर ती घ्यावी, कारण ओल सुकली तरी सांध्यावरचा गंज तसाच राहतो.

भाजले तर हात हळदीकडे किंवा टूथपेस्टकडे जातो. तो नळाकडे जाऊ द्या: साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे. बर्फ नको.

आणि १०१ वर फोन लागला की नुसता गल्लीचा नंबर सांगू नका. कोणत्या तालमीजवळ ते सांगा, आपल्या पेठांत पत्ता त्यानेच सापडतो. मग घरातल्या एकाने गल्लीच्या तोंडाशी जाऊन आडव्या लावलेल्या दुचाक्या बाजूला करायला घ्याव्यात आणि बंब येईपर्यंत बॅटरी पेटवून तिथेच उभे राहावे.