खालून वर, उजवीकडून डावीकडे

(माहितीपटाचं निवेदन)

आधी फक्त हात बघा, चेहरे नंतर येतील. धागा डाव्या करंगळीला एक वेढा घेऊन तर्जनीवर आलाय, उजव्या हातात क्रोशाची सुई, ती आत जाते, धागा पकडते, बाहेर येते. साखळी, साखळी, मग मुका खांब, ही टाक्यांची नावं. या काकू बोलतायत आमच्याशी, नजर भलतीकडेच आहे, आणि हात चाललेलेच.

पुण्यात एका सोसायटीच्या हॉलमध्ये दुपारची जेवणं आटपली की या सगळ्या विणायला जमतात, कुणी क्रोशावर, कुणी दोन सुयांवर. क्लास नाही, फी नाही. जे येतं ते एकमेकींकडून आलंय आणि बाकीचं फोनवरून. फोनवर नेमकं कुठून, तेच दाखवायला हा व्हिडिओ केलाय, कारण महागडे ऑनलाइन कोर्स घेऊन बसलेल्या मुली भेटतात आणि खरंच वाईट वाटतं, त्यातलं बहुतेक सगळं मोफत उपलब्ध आहे आणि चांगल्या दर्जाचं आहे.

(स्क्रीनवर जुनी रेखाचित्रं)

हे चित्र १८८६ सालचं आहे. तेरेझ द दिलमाँ नावाची ऑस्ट्रियात जन्मलेली बाई, फ्रेंच धागा कंपनी डीएमसीसाठी तिने सुईकामाचा अख्खा ज्ञानकोश लिहिला, त्यात विणकामाचं वेगळं प्रकरण, क्रोशाचं वेगळं. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या मोफत साइटवर इंग्रजीत पूर्ण पुस्तक आहे, चित्रांसकट, डाउनलोड करा, कुणी पैसे मागणार नाही कारण त्याच्यावरचा कॉपीराइट कधीच संपलाय. हे हातांचं चित्र झूम करून बघा, धागा बोटांवरून कसा घ्यायचा ते रेघेरेघेत दिसतं. आणि ती बाई त्यात लिहून गेलीये की सुयांवर विणताना जर्मन बायका धागा डाव्या हातात धरतात आणि त्यामुळे त्यांचा हात भराभर चालतो. आपल्याकडे अजून यावरून वाद होतात, धागा उजव्या हातात की डाव्या! दोन्ही चालतं. हाताला सोपं जाईल ते घ्या.

अशी जुनी पुस्तकं अजून खूप आहेत. इंग्लंडमध्ये साउदम्प्टन युनिव्हर्सिटीकडे विणकामाचं वेगळं ग्रंथालयच आहे, त्यातला मोठा संग्रह रिचर्ड रट यांचा. हे लेस्टरचे बिशप होते, धर्मगुरू, आणि स्वतः विणायचे, विणकामाचा इतिहासही लिहिलाय त्यांनी १९८७ मध्ये. (पुरुषांनी सुया हातात घ्यायच्या का असं विचारणाऱ्यांना हे नक्की सांगा.) तिथली एकोणिसाव्या शतकातली पुस्तकं स्कॅन करून मोफत ठेवलीयत, इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयात मिळतात. अँटिक पॅटर्न लायब्ररी म्हणून अजून एक साइट आहे, तीही स्वयंसेवकांनी उभी केलेली, पॅटर्नची, म्हणजे विणायच्या नमुन्यांची, जुनी पुस्तकं पानापानाने स्कॅन करून पीडीएफ ठेवतात. इतकी मेहनत लोक पदरचा वेळ घालून करतात.

(आरशासमोर फोन)

ही मुलगी डावखुरी आहे. बहुतेक व्हिडिओ उजव्या हाताचे, म्हणून तिने फोन आरशासमोर ठेवलाय आणि आता ती आरशात बघून विणतेय, सगळं उलट होऊन बरोब्बर तिच्या हाताचं झालं. हे तिला कुणी शिकवलं नाही, तिचं तिनेच शोधून काढलं. यूट्यूबचा स्पीड अर्धा करता येतो तेही लक्षात ठेवा, पहिल्यांदा सुईवर टाके घालताना त्याचा फार उपयोग होतो.

आता मुख्य गोष्ट. हा कागद बघा, हा क्रोशाचा चार्ट, म्हणजे चिन्हांत काढलेला पॅटर्न. अक्षर एकही नाही. गोल, टिंब, फुली, आडवी दांडी मारलेला टी. अंडाकृती गोल म्हणजे साखळी, फुली किंवा अधिकचं चिन्ह म्हणजे मुका खांब, दांडी मारलेला टी म्हणजे खांब, टिंब म्हणजे नुसता सरकटाका. बस्स, एवढी चार चिन्हं आली की क्रोशाचा साधा पॅटर्न जपानी असो, रशियन असो, वाचता येतो. जपानमध्ये तर ही चिन्हं सरकारी मानकात बसवलेली आहेत, बहुतेक पुस्तकं त्याच चिन्हांत. समोर बसलेल्या या आज्जींना इंग्रजी येत नाही, जपानीचा प्रश्नच नाही, आणि मांडीवर जो रुमाल आहे तो जपानी चार्टवरून विणलाय. गोल रुमाल असेल तर मधून सुरुवात करून बाहेर जायचं. सुयांवरच्या विणकामाचा चार्ट खालून वर वाचायचा, सुलट बाजूच्या ओळी उजवीकडून डावीकडे, उलट बाजूच्या डावीकडून उजवीकडे, कारण काम फिरवलं की आपणही फिरतो. आज्जी बोट ठेवून शिकवतायत ते ऐका, "अगं इथून नाही, खालून ये वर. आणि धागा ओढू नकोस, ढील सोड." मुलगी म्हणते, "आज्जी, तुम्ही हे वाचता कसं इतकं पटापट?" आज्जी नुसत्या हसतात.

इंग्रजी मोफत कोर्स शोधा, जरूर शोधा, पण आमचं म्हणणं हेच आहे की आधी चार्ट शिका. मराठी बाईला इंग्रजी येत नाही म्हणून कुणी अडवून ठेवू शकत नाही मग.

लिखित पॅटर्न वापरणाऱ्यांनी एक बघायचं, तो अमेरिकन आहे की ब्रिटिश. अमेरिकन सिंगल क्रोशे म्हणजे ब्रिटिश डबल क्रोशे, आपला मुका खांब, आणि अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल, आपला खांब. हे न बघता सुरू केलं तर बाळाचं टोपडं बाबांच्या डोक्याला येईल एवढं होतं. ड्रॉप्स डिझाइन ही नॉर्वेची लोकर कंपनी, तिच्या साइटवर सगळे पॅटर्न मोफत, आणि इंग्रजीच्या ब्रिटिश आणि अमेरिकन अशा दोन आवृत्त्या वेगळ्या दिलेल्या, शिवाय टाक्यांचे व्हिडिओ. मोफत का, तर लोकर विकायची असते त्यांना, त्यात वाईट काही नाही. रॅव्हेलरी ही पॅटर्न शोधायची साइट २००७ पासून आहे, खातं फुकट, शोधताना 'फ्री' फिल्टर लावायचा. निटी हे मोफत ऑनलाइन मासिक २००२ पासून चालू आहे.

(रविवार पेठ, लोकरीचं दुकान)

काय रंग आहेत! ही राणी, ही मोरपंखी. ड्रॉप्सची लोकर इथे मिळेलच असं नाही आणि गरजही नाही. पॅटर्नमध्ये लिहिलेलं असतं, समजा चार एमएम सुईवर १० सेंटिमीटरमध्ये २१ टाके, २८ ओळी. आपल्या लोकरीचा एक चौकोनी तुकडा विणायचा आणि पट्टी लावून मोजायचा, टाके जास्त भरले तर सुई जाड घ्यायची, कमी भरले तर बारीक. हा तुकडा विणायचा कंटाळा करू नका, स्वेटर बसणार की नाही ते इथेच ठरतं.

ही मात्र कुठल्याच परदेशी साइटवर मिळणार नाही, ताटाभोवतीची क्रोशाची महिरप. हे तोरण, ही रांगोळी, गौरीसाठीचं आसन. हे आपल्याच बायकांनी यूट्यूबवर मराठीतून शिकवलंय, स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन टेकवून, मागे कुकरची शिट्टी ऐकू येते, आणि एकेक खांब मोजून दाखवतात. यांचे व्हिडिओ शेवटपर्यंत बघा, सबस्क्राइब करा, एवढं तर आपण करूच शकतो.

आणि ग्रुपवर फिरणाऱ्या विकतच्या पॅटर्नच्या पीडीएफ, त्या मोफत नाहीत, त्या कुणाच्या तरी कष्टाच्या आहेत, पुढे पाठवू नका. खरंच मोफत एवढं आहे की आयुष्य पुरणार नाही.

या हॉलमधल्या काहीजणी आता दिवाळीआधी तोरणांच्या ऑर्डर घेतात, घरखर्चाला हातभार लागतो.

(स्क्रीनवर यादी)

सगळी नावं समोर आहेत, स्क्रीनशॉट काढून ठेवा. सुया नसतील तर नवीन घेऊ नका, आधी आईच्या नाहीतर आत्याच्या कपाटात विचारा, बहुतेक निघतात. पहिला धागा फिका आणि जरा जाड घ्या, काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत.