बठ्ठं बरं शे: एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी नर्सचं काम

‘कसं काय शे आबा?’ असं विचारलं की खानदेशात अहिराणीतलं उत्तर ठरलेलं असतं: ‘बठ्ठं बरं शे’, म्हणजे सगळं बरं आहे. मुलं सुरतेला नाहीतर पुण्याला, नातवंडं त्याहून लांब, आणि पंचाऐंशी-नव्वदीतले आबा किंवा जिजी इथेच, आपली भाकर आपण थापत. काही दुखतंय म्हटलं तर मुलगा उचलून फ्लॅटमध्ये नेऊन ठेवील, ही धास्ती त्या उत्तरामागे असते. त्यामुळे घरी जाणाऱ्या सिस्टरने त्यावर विसंबू नये, आणि एकट्या बीपीच्या आकड्यावरही विसंबू नये. मागच्या भेटीनंतर काय बदललं, हे तिने शोधायचं.

पहिल्या भेटीला पुरा एक तास ठेवा. पिशवी उघडायच्या आधी म्हणा, ‘आबा, पाणी पाजा ना जरा.’ मग नुसतं बघत बसा. बाजेवरून उठताना हातांचा आधार किती वेळा घेतला? पहिल्या झटक्यात उठता आलं की तीनदा प्रयत्न करावा लागला? भिंत धरून गेले का? उंबऱ्यावर पाय अडला का? माठात वाकताना थांबले का, पेला हातात आला तेव्हा पाणी किती हिंदकळलं? ताकद, तोल, नजर, हाताची पकड, सगळं या एका पेल्यात कळतं आणि म्हाताऱ्याला तपासणी झाल्यासारखं वाटत नाही. घरी गेल्यावर आठवून लिहू, असं करू नका. तिथेच वहीत लिहा. ती वही त्यांच्याच घरी राहू द्या. डॉक्टर येवोत, शेजारी येवो, मुलगा येवो, सगळ्यांनी एकच वही वाचायची.

आता बीपी. पाच मिनिटं आडवं झोपवून एकदा मोजा. उभं केल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर पहाटे मोरीकडे जाताना भोवळ का येते ते समजलं. बसवून एकदाच मोजलं तर हे कधीच दिसत नाही. 130 दिसतं आणि आपण खूश होऊन निघतो. उभं करताना स्वतः शेजारी उभ्या राहा, मागे बाज असू द्या. दंड काडीसारखा बारीक असेल तर मोठ्यांचा नेहमीचा पट्टा आकडा कमी दाखवतो, म्हणून पिशवीत लहान पट्टाही हवा.

सर्वांत जास्त वेळ औषधांना द्या. ‘कोणत्या गोळ्या घेता?’ असं विचारू नका. ‘घरातल्या सगळ्या गोळ्या आणा’ म्हणा. देव्हाऱ्याजवळचा डबा, उशीखालची पुडी, फ्रिजवरची पिशवी, सगळं खाटेवर ओता. तिथे चार गोष्टी हमखास सापडतात. पहिली, एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी: तालुक्याच्या डॉक्टरांनी दिलेलं आणि मुलाने पुण्याहून पाठवलेलं, दोन्ही चालू. जोडगोळ्यांमध्ये हे आणखी लपतं, कारण एका गोळीत दोन-तीन औषधं असतात. म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची. दुसरी, कापलेली पाकिटं. दुकानदार चार गोळ्या कापून देतो; नाव आणि मुदत उरलेल्या तुकड्यावर दुकानातच राहते. ओळख पटत नसलेली गोळी बाजूला काढा आणि दुकानातून किंवा डॉक्टरांकडून खात्री झाल्याशिवाय परत डब्यात ठेवू नका. तिसरी, गुडघ्यांसाठी स्वतःच्या मनाने आणलेली डायक्लोफेनॅकसारखी दुखणं थांबवणारी गोळी. बीपीची काही औषधं आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना तिची भर पडली, त्यात उन्हाळ्यात अंगातलं पाणी आटलेलं, की मूत्रपिंडावर तिन्ही बाजूंनी घाव बसतो. चौथी, साखरेची गोळी घेतली आणि जेवण टाळलं. एकट्या माणसाला स्वतःपुरती चूल पेटवायचा कंटाळा येतो, यात नवल नाही. पण ग्लिमेपिराइडसारख्या गोळीला ते कळत नाही, ती साखर उतरवतच राहते.

साखर 70 च्या खाली असेल आणि माणूस नीट गिळत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, सुधारली की भाकर किंवा दूध-पोळी. गोळीमुळे उतरलेली साखर काही तासांनी परत उतरते, म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हटल्यावर निघून येऊ नका. डॉक्टरांना फोन करा, रात्री कोणी सोबत राहील ते बघा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा. नव्वदीत साखर तरण्यासारखी कडक ठेवायचा अट्टहास धोक्याचा आहे, हे डॉक्टरांशी बोला. गोळी स्वतः बंद करू नका, आकड्यांसकट कळवा.

इन्सुलिनची चूक सिरिंजमध्ये असते. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्या दर मिलीलिटरला 40 युनिटच्या, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची 100 युनिटसाठी. 40 च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत ओढलं तर अंगात 8 युनिटच जातात. उलट झालं, 100 चं औषध लाल सिरिंजने 20 पर्यंत, तर 50 युनिट जातात. हे जिवावर बेतू शकतं. म्हणून दर भेटीला बाटली आणि सिरिंज शेजारी शेजारी धरून वाचा. फ्रिज नसेल तर मोठ्या माठात ओली वाळू, तिच्यात लहान मडकं, त्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली बाटली. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची. फ्रिज असेल तर बर्फाच्या कप्प्याला चिकटवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं.

होळी झाली की जळगाव-भुसावळकडे ऊन चढायला लागतं आणि मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. म्हातारपणी तहान लागायची जाणीवच मंदावते. वर रात्री उठावं लागू नये म्हणून लोक मुद्दाम पाणी तोडतात, आणि नळाला तीन-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या वस्तीत हंडा उचलवत नाही म्हणूनही तोडतात. तेव्हा प्रमाण ठरवा: एक लिटरची बाटली सकाळी भरून ठेवायची, दुपारी दोनपर्यंत संपवायची, मग दुसरी अर्धी, आणि झोपायच्या दोन तास आधी थांबायचं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून घ्या. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात वजन आणि उभ्याचं बीपी आठवड्याला हवं. सूज असलेल्यांना मिठाचं सांगताना भाजीवर थांबू नका; बिबड्या, पापड, शेव यांतही मीठ आहे, आणि पापडखारातही सोडियमच.

आपण सोयीने सकाळी भेटी देतो. उन्हाळ्यात निदान एक भेट दुपारी तीनला द्या. धाब्याच्या जुन्या घरात बरं असतं, पत्र्याच्या खोलीत उभं राहवत नाही; सकाळी दोन्ही घरं सारखीच वाटतात. खोली 40 अंशांच्या वर गेली की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. कूलर असेल तर पाणी भरताना आधी प्लग काढायचा. अर्थिंग नसलेल्या पत्र्याच्या कूलरने झटका बसतो. अंग तापलेलं आणि बोलणं असंबद्ध असेल तर तापाची गोळी उपयोगाची नाही. कपडे सैल करा, ओलं फडकं आणि वारा, काखेत, मानेला, जांघेत थंड पट्ट्या, आणि लगेच 108.

लघवीची नळी असेल तर अडचण बाजेची होते. बाज खाली झोळलेली असते, पिशवी टांगली की जमिनीला टेकते. मग लोक ती उचलून गादीवर ठेवतात आणि लघवी उलटी वर जाते. स्वच्छ टोपलं जमिनीवर ठेवून पिशवी त्यात ठेवा, मूत्राशयाच्या पातळीच्या खालीच राहील. नळी मांडीला चिकटवा म्हणजे ओढली जाणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवणं दर दोन तासांनी. एकट्या माणसाला ते जमणार नसेल, तर तो एकटा राहण्याच्या अवस्थेत उरलेला नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावं लागतं. लाल झालेल्या जागेवर चोळू नका.

आणखी एक, आणि हे फार चुकतं. काल नीट बोलणारी जिजी आज अचानक वार विसरली, भाकर जाळली, रात्रभर जागी राहिली, तर ‘वय झालं’ म्हणू नका. या वयात जंतुसंसर्गाला ताप येईलच असं नाही. लघवी, छाती, साखर, पाणी, नवं औषध, तुंबलेलं पोट, एकेक तपासा. वहीत नेहमीचं वागणं लिहिलेलं असेल तरच ‘अचानक’ हा शब्द डॉक्टरांना पटवता येतो.

पैशाबद्दल थोडं. 70 वर्षं आणि त्यापुढच्यांना 2024 पासून मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड पाच लाखांपर्यंत दवाखान्यात भरती होण्यासाठी आहे. तुमच्या घरभेटीचा खर्च त्यातून निघत नाही. म्हणजे मांडीचं हाड मोडल्यावर पैसा आहे, मोडू नये म्हणून नाही. वाद घालत बसायला वेळ नाही, पण कुटुंबाला आधीच सांगून ठेवा. अडचणीच्या वेळी ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे. तो नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा.

शेवटी दार. खानदेशात रात्री कडी आतून लागतेच. माणूस मोरीत पडला तर शेजाऱ्याला हाक ऐकू येते, पण आत जाता येत नाही आणि सुतार येईपर्यंत तास जातो. बाहेरून किल्लीने उघडणारं लॅच बसवा, एक किल्ली शेजारी, दुसरी कोणाकडे आहे त्याची नोंद तुमच्याकडे ठेवा. रोज सकाळी आठच्या आत शेजारच्या घरी एक मिस कॉल द्यायचा ठरवा. आला नाही तर त्याने दार वाजवायचं. मोबाइल उंच कोनाड्यात ठेवायची सवय मोडा, दोरीने गळ्यात असू द्या, मोरीत जातानासुद्धा. आणि पुढच्या भेटीला गेल्यावर स्वतः बाहेर उभं राहून ती किल्ली एकदा लावून बघा.