खाली पडलेला चिमटा

(दृश्य: परळ. संध्याकाळचे साडेसहा. चाळीच्या तळमजल्यावरचा दवाखाना, दाराशी ओल्या चपलांचा ढीग.)

बाक पाचजणांचा, बसलेत आठ. ताप, खोकला, ड्रेसिंग, सगळे मांडीला मांडी लावून. गोवराचा विषाणू रुग्ण उठून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. म्हणजे ज्याचं तोंडही पाहिलं नाही, त्याचा आजार घेऊन घरी जाता येतं.

म्हणून इथे केसपेपरच्या आधी सिस्टर विचारतात, "काका, खोकला किती दिवस?" दोन आठवड्यांवर गेला असेल तर क्षयाचा संशय: मास्क, खिडकीजवळची खुर्ची आणि नंबर आधी. मागचे कुरकुरतात. कुरकुरू देत. आत डॉक्टरांनी टेबलच फिरवून घेतलंय: पंख्याची हवा त्यांच्या पाठीकडून येते, रुग्णावरून खिडकीबाहेर जाते. स्प्लिट एसी बंद. तो खोली गार करतो, हवा बदलत नाही. उकडतं, हे मात्र खरं.

(दृश्य: हाफकिन संस्थेची जुनी इमारत.)

ही इमारतही परळचीच. प्लेगची लस इथे बनायची. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका आला ही लस तयार करणारे शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांच्यावर. पण बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि नीट निर्जंतुक न करता तोच वापरला गेला होता. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं.

(दृश्य: पुन्हा दवाखाना. ऑटोक्लेव्हची शिट्टी.)

दिसायला घरचा कुकरच, पण यात चिमटे-कात्र्या वाफेने निर्जंतुक होतात. १२१ अंश, १५ पौंड दाब, निदान १५ मिनिटं. नुसत्या उकळत्या पाण्याला धनुर्वाताचे बीजाणू (जंतूंचं टणक, सुप्त रूप) दाद देतीलच असं नाही.

सुई टोचून झाली की टोपण परत लावायचं नाही, थेट कटरमध्ये. टोपण लावतानाच ती बोटात घुसते, आणि त्या वाटेने हिपॅटायटिस बी एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज लागतो.

राहिले हात. सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळायचं, दर रुग्णामागे. साठ रुग्ण म्हणजे जवळजवळ अर्धा तास! गर्दीत पहिली काटछाट होते ती याच अर्ध्या तासाची.

(दृश्य: ड्रेसिंगची खोली. टाइल्सवर चिमटा पडल्याचा आवाज.)

"राहू दे तो," सिस्टर म्हणतात आणि नवं पाकीट फाडतात. बाहेरून कुणीतरी विचारतं, "अजून किती नंबर?"