आधी वाफसा, मग फावडं

मंडळी, थंडी ओसरली, उन्हाला जरा ऊब आली की बाग करणाऱ्याचे हात शिवशिवायला लागतात. वसंतात काय काय करायचं याची यादी ऐकायला तुम्ही आला आहात. यादी देतो, पण पहिलं काम सांगतो ते थांबण्याचं.

एका वर्षी पहिल्याच उबदार सकाळी मी फावडं घेऊन वाफ्यात उतरलो होतो. जमीन ओली होती. माती लोण्यासारखी कापली जात होती, त्यामुळे मी भलताच खूश. पंधरा दिवसांत त्या मातीची ढेकळं झाली, विटेसारखी टणक. पुढे गाजरं आली ती वेडीवाकडी, दोन-दोन पायांची. दोष बियाण्याचा नव्हता. चांगल्या मातीच्या आकारमानात जवळजवळ निम्मी जागा पोकळ्यांचीच असते आणि त्यातच हवा-पाणी खेळतं. ओली माती तुडवली की त्या पोकळ्या मिटतात. मिटायला एक सकाळ पुरते. पुन्हा उघडायचं काम गांडुळांना आणि मुळांना करत बसावं लागतं.

माती चिखल नाही आणि कोरडी ठणठणीतही नाही, काम करण्याजोगी ओल आहे, या अवस्थेसाठी आपल्या भाषेत नेमका शब्द आहे, वाफसा. तो आला की नाही हे कॅलेंडर सांगत नाही, मूठ सांगते. वीतभर खालची माती मुठीत घट्ट दाबा आणि त्या गोळ्याला अंगठ्याने टोचा. गोळा नुसताच दबला, बोटांना चिकटला, तर फावडं परत ठेवून द्या. भुरभुरत फुटला तर वाफसा आला. तेव्हाही सगळी माती उलथीपालथी करायची गरज नसते. वर दोन-तीन सेंटीमीटर कुजलेलं कंपोस्ट पसरा, बाकीचं गांडुळं बघून घेतील.

आता लॉन. तिथेही तेच, भिजलेल्या हिरवळीवर फिरू नका. कोरडी झाली की दातेरी पंजाने हलक्या हाताने विंचरा. मुळाशी मेलेल्या काड्यांचा थर साचतो. तो सेंटीमीटरभर असेल तर असू द्या, त्याहून जाड झाला की पाणी खाली पोचू देत नाही. मग गवत कापण्याचं यंत्र. ते बाहेर काढलं की आधी पातं बघा (विजेचं असेल तर प्लग काढून, हे सांगावं लागतंच). बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. कापल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गवताच्या पात्यांची टोकं पांढुरकी, दोरे निघाल्यासारखी दिसली तर दुखणं धारेचं आहे, खताचं नाही.

कापायचं किती? एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त नाही. सहा सेंटीमीटरची हिरवळ हवी असेल तर ती नऊवर गेली की कापा. एकदाच बारीक केली म्हणजे महिनाभर बघायला नको, हा हिशोब मी खूप जणांकडून ऐकतो. पानं गेली की गवताचं अन्न बनवणंच थांबतं, मुळं आखडतात आणि उघड्या पडलेल्या मातीत उजेड शिरला की तण हसत वर येतं.

खताची घाई तर अजिबात नको. गवत जागं व्हायच्या आत नत्र दिलं तर एक तर ते पाण्याबरोबर वाहून जातं, नाही तर मुळांच्या जिवावर नुसती पानं फोफावतात. दोन कापण्या होऊ द्या, मग बघू. आणि टकलं पडलेल्या जागी बी टाकणार असाल तर तण उगवूच नये म्हणून मिळणारी औषधं तिथे वापरू नका. त्यातल्या बहुतेकांना तणाचं बी आणि तुमचं बी यातला फरक कळत नाही.

छाटणीत एकच प्रश्न विचारायचा: हे झाड फुलतं कुठे, जुन्या काडीवर की नव्या फुटीवर? लायलॅक, म्हणजे थंड प्रदेशातलं सुवासिक फुलांचं झुडूप, त्याच्या कळ्या आदल्या वर्षीच काडीवर बसलेल्या असतात. वसंताच्या तोंडावर कात्री लावलीत तर तुम्ही फुलंच कापून टाकता. त्याची छाटणी फुलं होऊन गेल्यावर. हल्लीचे बहुतेक गुलाब मात्र नव्या फुटीवर फुलतात, त्यांचे डोळे (काडीवरचे कोंब) फुगायला लागले की बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या जरा वर तिरका काप द्या. काडी मेली असं वाटलं तर नखाने साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे. मेलेली मात्र केव्हाही काढा.

वाळके पोकळ दांडे तेवढे काही दिवस उभे राहू द्या. एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांपैकी काही जणी त्यांतच थंडी काढतात. शेजाऱ्यांना बाग गबाळी दिसेल, दिसू द्या.

झाडांभोवती मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन घालाल ते पाच-सात सेंटीमीटर पुरे, आणि खोडापासून चार बोटं लांब. खोडाला टेकवून ढीग रचण्याची फॅशन कुठून आली देव जाणे. साल ओली राहून कुजते.

राहिली घरात वाढवलेली रोपं. त्यांना वारा माहीत नसतो, थेट ऊनही नाही. पहिल्या दिवशी तासभर सावलीत ठेवा आणि आत घ्या, मग रोज थोडा थोडा वेळ वाढवत सात ते दहा दिवसांत पूर्ण बाहेर. पानांवर पांढरट चट्टे आले तर ऊन सोसलं नाही असं समजा आणि दोन पावलं मागे या. लावून झाल्यावरही एखादी जुनी चादर हाताशी असू द्या. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला, अशा रात्री दव गोठायचा धोका जास्त, तेव्हा रोपांवर ती टाकायची आणि सकाळी ऊन तापायच्या आत काढायची.