टाकीच्या झाकणामागे काय लिहिलंय?

मंडळी, नवी स्पोर्ट्‌स कार घेऊन माझ्या गॅरेजमध्ये आलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत एक प्रश्न हमखास विचारतो : "हिच्यात साधं पेट्रोल चालेल, की महागातलंच टाकायचं?" मी तोंडी काही सांगण्याआधी टाकीचं झाकण उघडतो. आत एक छोटा स्टिकर असतो. कुठे 'किमान ९५' लिहिलेलं असतं, कुठे '९८'. लाखो रुपये मोजून आणलेल्या गाडीचा हा स्टिकर मालकाने वाचलेलाच नसतो. म्हणून आज त्या आकड्याबद्दल बोलायचं ठरवलं.

हा आकडा म्हणजे ऑक्टेन. तो ठरवायला एका सिलिंडरचं खास इंजिन असतं. ते चालू असतानाच त्याचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, कमी-जास्त करता येतं. आयसोऑक्टेन हे द्रव्य दाब उत्तम सोसतं, त्याला १०० धरलं. हेप्टेन अजिबात सोसत नाही, त्याला शून्य. आपलं पेट्रोल ९१ भाग आयसोऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागलं, तर ते ९१ ऑक्टेनचं. म्हणजे हा आकडा पेट्रोलची सोसण्याची शक्ती सांगतो. लिटरभर पेट्रोलमध्ये उष्णता किती, हे तो सांगत नाही. लोकांची गल्लत नेमकी इथे होते. महाग पेट्रोल म्हणजे जास्त दमदार पेट्रोल, असं धरून चालतात.

सोसायचं कशाला? प्लगची ठिणगी पडली की ज्वाळा एका टोकाकडून दुसरीकडे पसरत जाते. कोपऱ्यात उरलेलं मिश्रण तोवर दाबलं जातं, तापतं. ज्वाळा पोचायच्या आतच ते आपणहून पेटलं, तर दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात. यालाच आपण इंजिन नॉक करतंय म्हणतो. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो. माझे उस्ताद खंडाळ्याच्या घाटात फियाट चढवताना काच खाली करून हा आवाज ऐकायचे. घाट संपला की बॉनेट उघडून प्लगांना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायचे, टायमिंग मागे घ्यायचे, म्हणजे ठिणगी किंचित उशिरा पडेल असं करायचे. मग पुन्हा चढ, पुन्हा कान. माझं सगळं शिक्षण त्या घाटात झालं.

आज उस्तादांच्या कानाचं काम नॉक सेन्सर करतो. इंजिनच्या ब्लॉकवर बसवलेला हा छोटा सेन्सर कंपनं पकडतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, लगेच टायमिंग मागे घेतो. त्यामुळे कमी ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं तरी बहुतेक गाड्या खडखडाट करत नाहीत. त्या गुपचूप ताकद कमी करतात. मालकाला वाटतं, काही फरक नाही.

ऑक्टेन ताकद देत नाही, मुभा देतं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण १९४० सालचं आहे. ब्रिटिश हवाई दलाने स्पिटफायर आणि हरिकेन विमानांसाठी ८७ ऐवजी १०० ऑक्टेनचं पेट्रोल वापरायला घेतलं. इंजिन तेच, रोल्स-रॉइसचं मर्लिन. पण आता इंजिनात हवा कोंबणाऱ्या सुपरचार्जरचा दाब चौरस इंचाला सहा पौंडांवरून बारा पौंडांवर नेता येऊ लागला. साधारण हजार अश्वशक्तीच्या इंजिनातून नऊ हजार फुटांवर तेराशेच्या वर मिळू लागली. नुसतं पेट्रोल बदलून दाब सहावरच ठेवला असता, तर वैमानिकाला काहीच जाणवलं नसतं.

तुमच्या गाडीचंही हेच. ऑक्टेनने दिलेली मुभा वापरायची व्यवस्था त्या इंजिनात आहे का, एवढाच प्रश्न. माझदाने अमेरिकेत २०१८ च्या माझदा ६ टर्बोसाठी दोन आकडे जाहीर केले : ९३ च्या पेट्रोलवर २५० अश्वशक्ती, ८७ वर २२७. मला हा प्रामाणिकपणा फार आवडला. त्यातली खरी मेख पुढे आहे. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर मिळणारा टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, दोन्ही पेट्रोलवर सारखाच सांगितला होता. म्हणजे सिग्नलवरून निघताना, रोज ऑफिसला जाताना महाग पेट्रोलचा उपयोग नाही. इंजिन वरच्या फेऱ्यांत पूर्ण ताणलं की मगच तो फरक दिसतो. फोर्डही चार सिलिंडरच्या मस्टँगची ३१० अश्वशक्ती ९३ च्या पेट्रोलवर मोजलेली आहे, असं तळटीपेत सांगत असे. तळटीप वाचत जा.

अमेरिकेत मुलाकडे राहून आलेले कुणी इथे असतील, तर एक खुलासा करतो. तिथल्या पंपावरचे आकडे, वरचे ९३ आणि ८७ सुद्धा, वेगळ्या पद्धतीने काढतात, दोन चाचण्यांची सरासरी घेऊन. तिथलं ८७ म्हणजे आपल्याकडच्या मोजणीने साधारण ९१, आणि तिथलं ९१ म्हणजे आपलं ९५-९६. तिथल्या चर्चा वाचून इथे पेट्रोल भरू नका.

आता आपल्या पंपांकडे येऊ. आपलं साधं पेट्रोल बरीच वर्षं ९१ चं होतं आणि महागातलं ९५ चं. मग वीस टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन शंभराच्या वर असतं, त्यामुळे मिश्रणाचंही वाढतं. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानेच सांगितलं, की या मिश्रणामुळे पेट्रोल ९५ ऑक्टेनपर्यंत पोचलं आहे. म्हणजे 'किमान ९५'चा स्टिकर असलेल्या गाडीत केवळ ऑक्टेनसाठी महागातलं ९५ भरण्याचं कारण बरंचसं गेलं. त्या पेट्रोलमध्ये इंजेक्टर साफ ठेवणारी द्रव्यं असतात, ती हवी असतील तर जरूर घ्या. पण पैसे कशाचे देतो आहोत, ते माहीत असू द्या.

इथेनॉलची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या उसातूनही येणारं हे इंधन सोसतं भरपूर, पण लिटरमागे उष्णता पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी देतं. वीस टक्के मिसळलं की टाकीतली उष्णता सहा-सात टक्के घटते. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील हा तर वेगळाच प्रश्न. बाहेरून आणलेली जुनी स्पोर्ट्‌स कार असेल, तर ऑक्टेनच्या आधी मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा शोधा. ऑक्टेन पुरेसं आहे म्हणून इंधन त्या गाडीला मानवेलच, असं नाही.

मग १०० ऑक्टेन कुणासाठी? इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये ते आणलं, तेव्हा दिल्लीत दर लिटरला १६० रुपये होता, साध्याच्या जवळजवळ दुप्पट. पोर्शे ९११ जीटी३ चं कॉम्प्रेशन १३.३ आहे आणि ते इंजिन नऊ हजार फेऱ्यांपर्यंत जातं. अशा गाडीच्या मालकाने, त्यातही ट्रॅकवर जाणाऱ्याने, ते घ्यावं. नागपूरकडच्या उन्हाळ्यात टर्बो गाडी जोरात हाकणाऱ्यानेही वरच्या ऑक्टेनचा विचार करावा, कारण आत जाणारी हवा जितकी गरम तितकी नॉकची शक्यता वाढते. आणि रिमॅप केलेली, म्हणजे ताकद वाढवायला ईसीयूमधली मांडणी बदललेली गाडी. इथे मात्र मी हात जोडून सांगतो. माझ्याकडे एक तरुण टोइंग करून गाडी घेऊन आला होता. ९७ च्या वरच्या पेट्रोलसाठी रिमॅप केलेली, बूस्ट म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब वाढवलेला. कोकणातून येताना मिळेल ते साधं पेट्रोल भरलं, आणि घाटात मित्रांबरोबर पूर्ण ॲक्सिलरेटर. इंजिन उघडलं तर तिसऱ्या पिस्टनची रिंगेजवळची कड तुटून पडली होती. सेन्सरला टायमिंग मागे घेण्याची जी हद्द कंपनीने ठेवलेली असते, ती रिमॅप करणाऱ्याने आधीच खाऊन टाकली होती. त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो.

मघाशी चिठ्ठीवर एक प्रश्न आला आहे : "लांबच्या प्रवासात हवं ते पेट्रोल मिळालंच नाही तर?" गाडी कंपनीतून आली तशीच असेल, तर जे मिळेल ते अर्धी टाकी भरा, पूर्ण नको. उंच गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर खोल दाबू नका. चढावर एक गिअर खाली घ्या. एसी बंद करून, काच थोडी खाली करून ऐका. खडखड आली तर पाय उचला. पुढच्या मोठ्या शहरात वरच्या ऑक्टेनने टाकी भरून घ्या. दोन्ही मिसळलेली चालतात. ईसीयू पुढच्या काही किलोमीटरमध्ये टायमिंग आपणहून पुढे आणतो.