जैसलमेरला दगड पाहायला जा

(बेळगावातील एका वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित रूप)

अध्यक्ष महाशय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि उपस्थित रसिकहो,

बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय ‘जैसलमेर परिसरातील निसर्गनवले : एका दिवसाच्या सहली’ असा लिहिलेला आहे आणि तो मीच कळवलेला असल्यामुळे त्याविषयी तक्रार करण्याची मला सोय नाही. तरीही पडद्यावर उंट दिसतील या अपेक्षेने जे आले आहेत, त्यांना आधीच सांगून ठेवतो की माझ्याकडे उंटाचे एकही छायाचित्र नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की बेळगावच्या माणसाने जैसलमेरला वाळूपेक्षा तिथल्या दगडांसाठी जावे, कारण ते दगड जे दाखवतात ते आपल्या जिल्ह्यातले दगड दाखवू शकत नाहीत. आणि तिथे गेल्यावर ते वाळवंट किती प्रकारच्या पाण्याने घडवलेले आहे, हे पाहावे.

दिवाळी झाली की आपल्या गावातून राजस्थानला जाणाऱ्यांची रीघ लागते. जोधपूरची थेट गाडी बेळगाव स्थानकावर मिळते, पुढे जैसलमेरपर्यंत रस्ताही उत्तम आहे, आणि परतल्यावर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तीच चित्रफीत असते: सम येथील वाळूच्या टेकड्या, मावळता सूर्य, उंटावर बसताना दचकलेल्या काकू, जीपची उड्डाणे, तंबूतले कालबेलिया नृत्य आणि दालबाटी. दालबाटीशी माझे वैर नाही. मी ती पुन्हा मागून घेतलेली आहे. प्रश्न एवढाच आहे की सूर्य मावळण्याच्या आधीचा अख्खा दिवस ही मंडळी कुठे असतात, आणि त्याचे उत्तर बहुधा ‘खरेदीला’ असे मिळते.

आता आपल्याकडच्या दगडांविषयी थोडे सांगणे भाग आहे, त्याशिवाय माझा आग्रह समजणार नाही. आपण बसलो आहोत ते बेळगाव दख्खनच्या लाव्ह्यावर वसलेले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थरावर थर पसरत गेला, आणि पुढे पावसाने व उन्हाने त्याचा वरचा भाग कुजवून आपल्या जुन्या घरांच्या भिंतींतला तांबडा जांभा तयार केला. पूर्वेला गोकाककडे निघालात की हा लाव्हा संपतो आणि त्याच्याखालचा फार जुना वालुकाश्म उघडा पडतो. घटप्रभा नदी ज्या कड्यावरून सुमारे 52 मीटर खाली उडी घेते, तो कडा या कलादगी गटातल्या खडकाचा आहे, आणि त्याचे वय शंभर कोटी वर्षांहून अधिक आहे. तो बनत होता तेव्हा पृथ्वीवर ना झाड होते, ना शिंपला, ना हाडांचा प्राणी. म्हणजे आपला एक खडक इतका जुना की त्यात झाडाचे वा शिंपल्याचे अवशेष असणे शक्यच नाही, आणि दुसरा असा की त्याने येताना सगळे जाळतच यावे. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या तळ्यांच्या गाळात क्वचित गोगलगायींचे शंख सापडतात, पण ते शोधायला जाणकार माणूस सोबत लागतो. झाडे वाढली, समुद्र आत शिरले, डायनोसॉर चालले, तो मधला सगळा काळ आपल्या जिल्ह्याच्या खडकांत जवळजवळ नाहीच. जैसलमेरला मात्र तो रस्त्याच्या कडेला पडलेला आहे, आणि माती व झाडोऱ्याचे पांघरूण नसल्यामुळे तो पाहायला खणावेही लागत नाही.

म्हणूनच आमची बस बाडमेरकडून जैसलमेरला येत होती तेव्हा मी आदल्या रात्रीपासून तयारीत होतो. जैसलमेरच्या अलीकडे 17 किलोमीटरवर, या बाडमेर रस्त्यालाच लागून, आकल नावाचे गाव आहे आणि तिथे ‘वुड फॉसिल पार्क’ आहे. अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचे दगड झालेले बुंधे तिथे 21 हेक्टरांच्या उघड्या माळावर विखुरलेले आहेत, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्या जागेला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिलेला आहे. सहल कंपनीच्या माहितीपत्रकात त्याचे नाव नव्हते, पण जागा वाटेतच लागत असल्यामुळे बस अर्धा तास थांबेल असे मी गृहीत धरले होते. मी व्यवस्थापकांजवळ जाऊन नम्रपणे विनंती केली. कंपनीचे नाव मी घेणार नाही, कारण तिच्याच बसने जाऊन आलेले चार जण मला समोर दिसत आहेत आणि त्यांतले दोघे आत्ताच हसू लागले आहेत.

व्यवस्थापक म्हणाले, “सर, तिथं काही नाहीये. वाळकी लाकडं पडलीत.” मी म्हटले की ती लाकडे नाहीत, दगड आहेत. त्यावर ते अधिकच निश्चिंत झाले आणि म्हणाले, “मग तर काय, दगडच आहेत.” मी माघार घेतली नाही. मग त्यांनी लोकशाही मार्ग काढला, ध्वनिवर्धक हातात घेतला आणि सर्व प्रवाशांना विचारले की सरांना दगड पाहायचे आहेत, तर थांबायचे की हस्तकलेच्या दालनात अर्धा तास जास्त द्यायचा? प्रश्न अशा रीतीने विचारला गेल्यावर निकाल काय लागणार हे सांगायला नको. शहापूरच्या एक वडीलधाऱ्या बाई माझ्यावर मनापासून माया करणाऱ्या होत्या; त्यांनी मागे वळून माझी समजूत घातली, “काय हो सर, लाकडं बघायला इतक्या लांब कशाला यायचं? खानापूरच्या जंगलात काय कमी आहेत होय?” बस हसली, चालकालाही मराठी न समजता हसू आले, आणि आकलचे फाटक माझ्या खिडकीसमोरून उजवीकडे निघून गेले. हस्तकलेच्या त्या दालनात पुढे आम्ही दीड तास होतो. तिथे हाबूर गावच्या तपकिरी-पिवळ्या दगडाची वाटी विकायला होती, आणि तीत दूध ओतून ठेवले की विरजणाशिवाय दही लागते असे विक्रेता शपथेवर सांगत होता. शहापूरच्या बाईंनी ती घेतली. दही लागले की नाही, हे विचारण्याचा धीर मला अजून झालेला नाही. परंतु हाबूरचा तो दगड म्हणजे जुन्या समुद्रातल्या शंखशिंपल्यांनी भरलेला चुनखडक आहे आणि आपण दुधाच्या भांड्यापेक्षा बरीच मोठी वस्तू विकत घेतली आहे, हे मी त्यांना तेव्हाच सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी हवेल्या पाहायला गेली आणि आम्ही उभयतांनी भाड्याची मोटार करून आकल गाठले. पहारेकऱ्याने फाटक उघडले तेव्हा आत दुसरे कोणी नव्हते. लालसर खडे पसरलेला माळ, अधूनमधून आकाची, म्हणजे आपल्या रुईची, झुडपे, आणि लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यांत आडवे पडलेले बुंधे एवढेच तिथे दिसते, त्यामुळे पहिल्या नजरेला व्यवस्थापकांचे म्हणणे खरे वाटते हे मान्य केले पाहिजे. वाकून पाहिले की चित्र बदलते. लाकडाचे उभे तंतू जसेच्या तसे दिसतात, साल जिथे उकलली होती तिथली भेग दिसते, आणि एका बुंध्यावर फांदी फुटली होती त्या जागची गाठ इतकी स्पष्ट होती की कोणत्याही सुताराने रंधा मारताना ती टाळली असती. बाहेर पडलेल्या एका ढलपीवर नखाने टिचकी मारली तर आवाज मात्र निखळ दगडाचा आला. ढलपी जिथली तिथे ठेवली, कारण तिथून काहीही उचलण्यास बंदी आहे आणि ती असायलाच हवी.

लाकडाचा दगड होतो कसा? हे झाड नदीकाठच्या दमट, उबदार अरण्यातले होते. ते पडले आणि नदीने आणलेल्या वाळूखाली इतक्या लवकर गाडले गेले की हवेअभावी कुजण्याची क्रिया मंदावली. मग वाळूतून झिरपणारे भूजल आपल्यात विरघळलेली सिलिका, म्हणजे गारगोटीतले द्रव्य, घेऊन त्या लाकडाच्या पेशीपेशीत शिरत राहिले. जुन्या वाड्याची एकेक वीट काढून त्याच जागी त्याच मापाचा चिरा बसवत जावे आणि शेवटी वाडा तोच पण एकही वीट मूळची नाही असे व्हावे, तसे ते घडले. पाऊस वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पडतो अशा ठिकाणी उभे राहून आपण नदी, अरण्य आणि भूजल या तिघांचे काम पाहत असतो. आमच्या सौभाग्यवतींनी तिथे विचारले की हे झाड कोणते, आणि मी शंकुधारी कुळातले म्हणताच त्यांनी पहारेकऱ्याला हिंदीतून तेच सांगितले, जणू इतकी वर्षे तो याच उत्तराच्या प्रतीक्षेत होता.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेले मी पाहिले आहे. चिठ्ठीही आली आहे, त्यामुळे फळ्यावरचा जो विषय होता तो आता उरलेल्या दहा मिनिटांत उरकतो.

पहिला दिवस पूर्वेचा व दक्षिणेचा ठेवा. जोधपूर रस्त्यावर थैयात गावाजवळच्या कड्यात नद्या, किनारा आणि समुद्र यांचे थर एकावर एक दिसतात, आणि तिथल्या खडकात डायनोसॉरच्या पाऊलखुणा सापडलेल्या आहेत. जैसलमेरच्याच खडकांतून मिळालेल्या, सुमारे 16.7 कोटी वर्षांपूर्वीच्या लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरला 2023 मध्ये ‘थारोसॉरस इंडिकस’ असे नाव देण्यात आले. तिथून आकल, आणि सायंकाळी शहरात परतून किल्ला. रावळ जैसलने 1156 मध्ये पाया घातलेला तो सोनेरी किल्ला ज्या पिवळ्या दगडाचा आहे, तो उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडक आहे. पायऱ्यांवर आणि कठड्यांवर नीट पाहत चाललात तर शिंपल्यांचे आडवे छेद दिसतात. आपल्यापैकी ज्यांनी बंगल्याला जैसलमेरी फरशी बसवली आहे, त्यांनी घरी गेल्यावर एकदा चष्मा लावून दिवाणखाना पाहावा. तिकिटाचे पैसे वाचण्याची शक्यता आहे.

दुसरा दिवस पश्चिमेचा. शहरापासून साधारण 18 किलोमीटरवर कुलधरा आहे, पालीवाल ब्राह्मणांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास सोडून दिलेले गाव. तिथे भुतांच्या गोष्टी तिकिटाच्या दरात समाविष्ट असतात. त्या ऐका, पण या लोकांनी विकसित केलेली खडीन पद्धत पाहिल्याशिवाय निघू नका. खडकाळ उतारावर पडलेला पाऊस मुरत नाही, वाहून जातो. त्या उताराच्या पायथ्याशी सखल जमिनीला मातीचा लांब बांध घातला की सगळ्या उताराचे पाणी तिथे थांबते, सोबत आणलेला गाळ पसरवते आणि जमिनीत मुरते. पाणी ओसरले की त्या ओलीवर गहू आणि हरभरा पेरतात. राकसकोपचा जलाशय उन्हाळ्यात खाली गेला की आपल्याकडे आठ-आठ दिवस नळाची वाट पाहणारी घरे आहेत, आणि इथे आपल्या पावसाच्या एका लहानशा हिश्शावर लोकांनी गहू पिकवला. हा विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे, तूर्त सोडतो.

त्याच दिशेला डेझर्ट नॅशनल पार्क आहे, 3,162 चौरस किलोमीटरचे. आपल्या सोलापूरकडच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य झाले तो माळढोक आता मुख्यतः इथेच उरला आहे. तिकडे त्याला गोडावण म्हणतात. संख्या दीडशेच्याही आत आहे, मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते, आणि जड शरीराच्या या पक्ष्याला समोरच्या वीजतारा वेळेवर दिसत नाहीत. तो दिसेलच असे नाही, म्हणून केवळ त्याच्यासाठी जाऊ नये. पण उद्यानात खेजडीची झाडे दिसतील, म्हणजे आपली दसऱ्याची शमी, जिला आपले कन्नड शेजारी बन्नी म्हणतात.

आणि शेवटी सम. शहरापासून 40-42 किलोमीटरवरच्या त्या टेकड्यांना जाऊ नका असे मी म्हणत नाही, पहाटे जा म्हणतो. ती वाळू मुळात हिमालयातून निघालेल्या सिंधू नदीच्या गाळातून आणि इथल्याच झिजलेल्या वालुकाश्मांतून आलेली आहे. नैर्ऋत्येच्या वाऱ्याने ती आत लोटली. टेकडी वाऱ्याच्या बाजूने मंद चढाची आणि आडोशाच्या बाजूने सुमारे तीस-चौतीस अंशांची तीव्र उताराची असते, कारण कोरडी वाळू त्याहून तिरकी उभी राहूच शकत नाही, घसरते. मंद बाजूने चढा, दम कमी लागेल. खरे वारे एप्रिल ते जुलैमध्ये वाहतात आणि टेकड्या तेव्हाच सरकतात. त्या दिवसांत पारा पंचेचाळीस अंशांपुढे असतो, त्यामुळे ते पाहायला जाण्याचा सल्ला मी इथल्या कोणालाही देणार नाही. ऑक्टोबर ते मार्च हाच काळ ठेवा. पहाटे साडेसहाला पोहोचलात तर जीपवाले उठलेले नसतात आणि रात्रीच्या वाऱ्याने आदल्या दिवशीच्या पावलांच्या खुणा बऱ्याचशा बुजवलेल्या असतात. त्यांवर भुंगेरे, सरडे आणि उंदरांनी रात्रभर केलेल्या ये-जा तेवढ्या ताज्या उमटलेल्या दिसतात. जाड बुटांऐवजी चप्पल चालते, पाणी माणशी दोन लिटर न्या, आणि बसच्या व्यवस्थापकांना आकलचे नाव बेळगाव स्थानकावरच, गाडी सुटण्यापूर्वी, लेखी देऊन ठेवा.